चारशे सतरा नंबरचा बिल्ला

तेजरामच्या दारात कवडूची फटफटी येऊन आठवडा झाला होता, आणि रोज दुपारी कारखान्याचा दोनचा भोंगा वाजला की तिचं पुढचं अंग एक बोट खाली बसायचं. दाणकन नाही. एखाद्यानं दमानं टांग टाकून सीटवर टेकावं, तसं. बसायचं ते बसायचंच, वर यायचं नाव नाही.

हे पाहिलं होतं त्याच्या लेकीनं, एकट्या रंभानं. तिची शाळा सकाळची. दोन वाजता बाबा कारखान्यातल्या मिलमध्ये आणि माय गाढ झोपलेली. रंभा नववीत होती. दिवाळीत ती सायकल शिकली, तेव्हापासून आपल्याला जमणार नाही असं जगात काही आहे हेच तिला पटेना. तिनं पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या नळीवर कोळशानं रेघ मारली. भोंगा वाजला, रेघ खालच्या जाड नळीत गडप. दुसऱ्या दिवशी दुसरी रेघ, तीही गडप. असे पाच दिवस.

रविवारी बाबांना सुट्टी. रंभा म्हणाली, "बाबा, हिच्यावर कोणी तरी बसून राह्यलं."

"स्प्रिंग थकली असंल. लढाईच्या वख्तची गाडी हाय, बाई. तुझ्या आजीचे गुडघे पाह्य."

"आजीचे गुडघे भोंगा ऐकून वाकत नाईत."

तेजराम हसला, पण त्यानं पाने काढले.

कवडू त्यांच्याच भंडाऱ्याकडचा. त्याच कारखान्यात ठेकेदाराच्या टोळीत पाया खोदायच्या कामावर होता. टोळीची रीत साधी होती: आत जाताना आपला पितळी बिल्ला फाटकावरच्या फळीला, आपल्या नंबरच्या खिळ्यावर टांगायचा, बाहेर पडताना काढून घ्यायचा. फळीवर बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी खड्ड्याची कड ढासळली. मुकादमानं फळी पाहिली. वर आलेल्या माणसांनी आपापले बिल्ले काढून नेलेले, फळी रिकामी. मग माती कोण उपसणार? दुसऱ्या दिवशी वर काँक्रीट पडलं. कड ढासळली त्या दिवसापासून कवडू दिसेनासा झाला. त्याचा बिल्लाच नव्हता, म्हणजे तो कामावर आलाच नव्हता. सुपेल्याच्या बाजारानं ठरवून टाकलं: बाई घेऊन पळाला. त्याच बाजारात भागाबाई, त्याची बायको, कपाळाला ठसठशीत कुंकू लावून भाजी विकत बसायची आणि ऐकून घ्यायची. शेवटी फटफटी डोळ्यांपुढं नको म्हणून तिनं ती तेजरामला ढकलत न्यायला लावली.

इंजिनाखाली विटा रचून तेजरामनं पुढचं चाक काढलं. रंभानं वरचं बूच पान्यानं सोडवलं; पहिल्यांदा हाताला कळ लागली, मग गरकन फिरलं. डावीकडून स्प्रिंग निघाली, कोरडी ठाक. तेलाचा थेंब नाही. उजवीकडून स्प्रिंगच्या आधी एक चकती निघाली आणि टुणकन फरशीवर पडली.

"पॅकिंग टाकलं होतं यानं," तेजराम म्हणाला. "एक बाजू ढिली असंल."

रंभानं चकती फ्रॉकला पुसली. पितळ. मधोमध भोक. कडेला आकडे ठोकलेले: ४१७.

तेजरामनं आकडे वाचले. कवडूचा बिल्ला. म्हणाला, "पेटीत टाक. भागाबाईले सांगू नोको."

"कावून?"

"दोन साल झाले, पोरी. आता तिले सांगून काय भेटणार हाय?"

"मले काय विचारता? तिले विचारा ना." आणि तो उठायच्या आत रंभा सायकलवर बसून सुपेल्याच्या रस्त्याला लागलीसुद्धा.

भागाबाईला घेऊन ती परतली तेव्हा दोनला थोडाच वेळ होता. स्प्रिंगा पोत्यावर पडल्या होत्या. नळ्या वाकलेल्या तर नाहीत हे पाहायला तेजरामनं रिकामा चिमटा परत जोडून चाक चढवलं होतं आणि विटा काढल्या होत्या. आधार नसलेली गाडी पुढून पार तळाला टेकली होती.

भागाबाईनं बिल्ला तळहातावर घेतला.

"त्या दिवशी सकाळपासून हेच खोलून बसले होते," ती म्हणाली. "म्या म्हटलं, वायसर आणा बजारातून. तर म्हणे, एक दिवस बिल्ला नसला तं कोण पुसते, फाटकावर सारे ओळखतात. तेल टाकाचं राह्यलं, दोनचा भोंगा झाला, पायीच पळाले. बिल्ला इथं गेला हे मले कुठं समजलं, भाऊ? मले वाटलं, मस्करी करून राह्यले."

म्हणजे तो बिल्ल्याशिवायच आत गेला होता, आणि खड्ड्यातून वर आला नव्हता. तेजरामनं मान खाली घातली.

तेवढ्यात भोंगा वाजला. लांबलचक, पार रुआबांधा वस्तीपर्यंत ऐकू जाणारा. रंभानं सवयीनं नळीकडं पाहिलं.

स्प्रिंग नसलेली गाडी वर उठू लागली.

हळूहळू, एकेक बोट. खालच्या नळीतून कोळशाची पहिली रेघ बाहेर आली, मग दुसरी, तिसरी, पाचही. हँडल किंचित डावीकडं वळलं, गाडीवरून उतरताना माणूस वळवतो तसं. पोत्यावरच्या स्प्रिंगा जागच्या जागी पडून होत्या. भोंगा थांबला. गाडी तशीच वर उभी राहिली, कशावर ते कुणाला दिसेना. तेजराम हात पुढं करायला धजला नाही.

"उतरले," भागाबाई हलकेच म्हणाली.

तिनं बिल्ला पदराच्या टोकाला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि चपला घातल्या.

"कुठं चालल्या, वहिनी?"

"फाटकावर. फळीले टांगून येतो. मंग म्हणू द्या कोणाले, आत नव्हते म्हणून." दारात ती रंभासाठी थांबली. "येतं का पोरी? मले आकडे वाचता येत नाईत. खिळा कोणता, तू सांग."

रंभानं सायकल घेतली नाही. ती भागाबाईच्या डाव्या बाजूनं चालू लागली, कारण उजव्या बाजूला भागाबाईनं एका माणसापुरती जागा सोडली होती.