कुशीतले सहा फिल्टर

"हा गोठला होता," आई म्हणाली.

"नाही," माझा नवरा म्हणाला.

"जावईबापू, तुम्हाला विचारलंच नाही मी. फिल्टरला विचारलं. त्याने सांगितलं."

"मग या फेरीला गाइड म्हणून त्यालाच पाठवा."

मी दारात उभी होते. कडेवर सात महिन्यांचं बाळ, हातात नवऱ्याचे वाळलेले मोजे. मोजे द्यायचे आणि निघायचं, एवढंच ठरवून आले होते. पण ट्रेकचं सामान भाड्याने देणाऱ्या त्या दुकानाच्या मागच्या खोलीत शिरलं की ठरवलेलं काही होत नाही. दोऱ्यांवर तंबू वाळत असतात, जमिनीवर स्लीपिंग बॅगांचे ढीग असतात आणि कोपऱ्यातल्या मोरीपाशी आई असते. एकवीस वर्षं ती तिथेच आहे. बाबा गेल्यावर मला घेऊन कामाला लागली, तेव्हा त्या ढिगांवरच मी दुपारची झोपायचे.

आईने आयुष्यात एकही डोंगर चढलेला नाही. पण तंबूच्या तळाला लागलेल्या चिखलावरून ती सांगते, की कुठल्या वाटेने गेले होते, पाऊस कधी लागला आणि तंबू ओला असतानाच कोणत्या आळशाने गुंडाळला. मोरीवर तिचं सेकंदकाट्याचं घड्याळ आहे. पाण्याच्या प्रत्येक फिल्टरवर कापडी पट्टी चिकटवलेली, तिच्यावर नंबर आणि एक लिटरची बाटली भरायला लागणारा वेळ. नवा असताना किती, प्रत्येक ट्रेकनंतर किती. वापरून वापरून फिल्टर तुंबत जातो, वेळ वाढत जातो. उलट्या बाजूने पाणी मारून धुतला की थोडा कमी होतो. मालक हसतात. आई हसत नाही.

"चार नंबर," आई म्हणाली. "नवा होता तेव्हा दोन मिनिटं दहा. तुम्ही घेऊन गेलात तेव्हा दोन पन्नास. आज एक चाळीस. म्हातारा घोडा एकदम तरणा झाला?"

"मी धुतला नीट. कौतुक करायचं सोडून..."

"धुतल्याने नव्यासारखं होतं. नव्याहून नवं होत नाही."

नवऱ्याने फिल्टर उचलून उजेडात धरला. मग म्हणाला, "कोणीतरी आपटला असेल. चौदा जण होते, मी काय प्रत्येकाचा हात धरून बसू?"

मालक पुढच्या दुकानातून आत आले. पुढे नर्सेसचा गट जमत होता. बारा जणी, पाच दिवसांची सुट्टी, गाडी बारा वाजता सुटणार. त्यांची म्होरकी, सगळ्या तिला मोठी सिस्टर म्हणत, आदल्या दिवशीच फिल्टर निवडून गेली होती. तिला पंपाचा हवा होता, दणकट दिसतो म्हणून. आईने आतूनच ओरडून सांगितलं होतं, "दणकट आहे म्हणूनच जड आहे! बारा जणींचं पाणी ओढता ओढता खांदे निखळतील. पिशवीचा न्या. ओढ्याचं पाणी वरच्या पिशवीत भरा, फांदीला टांगा, नळीत फिल्टर आणि खाली बाटली लावा आणि खुशाल गप्पा मारा. फक्त ओढ्याची पिशवी ओढ्याचीच ठेवा. बाटली तिच्यात बुचकळलीत, की फिल्टर असून नसल्यासारखा." मोठी सिस्टर म्हणाली होती, "बाई, तुम्ही आमच्या वॉर्डात हव्या होतात." दुकानात पिशवीला लागणारे फिल्टर सहाच होते. नवा माल पुढच्या आठवड्यात येणार होता. आणि ते सहाही माझा नवरा आदल्या संध्याकाळी खिंडीच्या ट्रेकवरून परत घेऊन आला होता.

"मावशी, काय चाललंय?" मालकांनी विचारलं.

आईने सांगितलं. या फिल्टरच्या पोटात दोऱ्यासारख्या बारीक पोकळ नळ्यांची जुडी असते. एकदा वापरला की आत पाणी राहतंच. ते गोठलं तर फुगतं आणि नळ्यांना चिरा जातात. बाहेरून काही दिसत नाही. पाणीही काचेसारखं येतं, फक्त घाण अडत नाही. म्हणून थंडीच्या मुक्कामाला फिल्टर स्वतःच्या स्लीपिंग बॅगेत, अंगाशी घेऊन झोपायचं. दुकानाचा नियमच होता तो.

"आणि झोपलोच होतो," नवरा म्हणाला. "सहाच्या सहा माझ्या कुशीत होते. त्यांची आई होऊन झोपलो होतो. अजून काय करू, पाजू?"

मालकांना हसू आलं. "मग चार नंबर काढा, पाच देऊन टाका."

"सहाही एकाच पिशवीत होते," आई म्हणाली. "एक गोठला, तेव्हा बाकीचे काय शेकत बसले होते?"

"त्यांचे वेळ बरोबर आहेत ना?"

"बरोबर आहेत. बारीक चीर असली तर वेळ बदलत नाही. मला घड्याळावर कळेल तेवढं कळलं. पुढचं माणसाने सांगायचं असतं."

"माणसाने सांगितलंय," नवरा म्हणाला. "तुम्हाला माणूस चालत नाही, हा प्रश्न आहे. कधी एक रात्र वर काढून बघा, मग घड्याळ दाखवा."

आईच्या तोंडाला कोणी असं लागत नाही. तिने नळ बंद केला, हात पदराला न पुसता तसेच ओले खाली सोडले. "सामान बाहेर पाठवायच्या वहीत मी सही करणार नाही," ती मालकांना म्हणाली. "पाणी उकळून पिऊ दे त्यांना. मोठं पातेलं द्या, गॅसचे डबे जास्त द्या."

"आणि वाहणार कोण? रोज तास-दोन तास उकळत बसणार कोण? मावशी, नुसत्या संशयावर बारा जणींची सुट्टी घालवू?" मालक घड्याळाकडे बघत म्हणाले. "तुम्हाला सही करायची नसेल तर स्टोअरची किल्ली इथे ठेवा. मी करतो सही."

आईने कमरेची किल्ली काढली. ठेवली नाही, हातात धरून उभी राहिली. ती किल्ली ठेवली असती, तर आई दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कुठे गेली असती, मला सांगता येत नाही.

बाळ एका सॅकचा पट्टा चघळत होतं. त्याच्या लाळेने माझी बाही भिजली होती. आणि मला सकाळ आठवत होती.

सकाळी नवरा बाळाला टबात अंघोळ घालत होता. ट्रेकवरून आला की ते काम त्याचं. घालता घालता सांगत होता, की तिसऱ्या मुक्कामाला एका माणसाचे ओठ निळे पडले, स्वतःचं नाव धड घेता येईना. "माझी स्लीपिंग बॅग उपसली, आतलं सगळं बाहेर फेकलं आणि त्याला आत कोंबला. वर त्याची बॅग गुंडाळली. मी आपला जाकीट घालून शेजारी बसलो रात्रभर. त्याला पाढे म्हणायला लावले, झोपू दिलंच नाही. सतराचा पाढा येतच नव्हता लेकाला. तेव्हा म्हटलं, आता हा जगतो, सतराचा मलाही येत नाही." पहाटे नवऱ्याचे स्वतःचे मोजे इतके कडक झाले होते, की तंबूच्या काठीवर आपटले तर वाजले. मग म्हणाला, "कुठे बोलू नकोस हं. मालक म्हणेल, आजारी माणसाला रातोरात खाली का नाही आणलं."

मी तेव्हा बाळाच्या डोक्यावरून त्याच्याकडे बघत होते. एवढा चांगला नवरा आपल्याला मिळाला, एवढंच मनात होतं. फिल्टर मनातही नव्हते.

आता होते. आतलं सगळं बाहेर फेकलं, म्हणाला होता.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहीन याची त्याला खात्री होती, म्हणून सहज पाहिलं. पुढच्या दुकानातून नर्सेसचं हसणं ऐकू येत होतं. कोणीतरी कोणाला तरी म्हणत होतं, "अगं, बूट उलटे घातलेस, ऑपरेशनला अशीच उभी राहतेस का?"

"त्याने बॅग आजारी माणसाला दिली होती," मी म्हटलं.

चांगलं तेवढं आधी सांगितलं, तर बाकीचं त्याच्या आडोशाने निघून जाईल असं मला वाटलं होतं. मी घाईघाईने बोलत गेले. निळे ओठ, पाढे, जाकीट, रात्रभर बसून राहणं. माझा आवाज कौतुकाचा होता, तो तसाच ठेवायची मी धडपड करत होते. "तो माणूस वाचला त्याच्यामुळे. म्हणून फिल्टर बाहेर राहिले असतील. त्याच्या लक्षातही आलं नसेल."

"कोण आजारी?" मालक म्हणाले. "रिपोर्टमध्ये तर सगळे ठणठणीत आहेत."

नवरा माझ्याकडे बघत नव्हता. तंबूच्या दोरीकडे बघत होता. "घरातलं घरात ठेवायचं असतं," तो हळू म्हणाला. "एवढं तरी."

मालकांनी फार आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "या फेरीला पुढे दुसरा गाइड चालेल. तू मागे राहा, सामानाबरोबर. पुढचं पुढे बघू."

"अहो, जीव वाचवला ना त्यांनी!" आई म्हणाली.

"तुम्ही माझी बाजू घेऊ नका," नवरा तिला म्हणाला. "मला सवय नाही."

"तुम्ही मला आधीच सांगितलं असतं..."

"तुम्हाला? चार वर्षांत माझ्याकडून एक खुंटी हरवली, तर तुम्ही ती आठवडाभर पुरवून पुरवून वाढलीत. तुम्हाला येऊन सांगायचं, की आई, सहा फिल्टर मेले?"

आईने मोरीखालची हातकरवत काढली आणि चार नंबर पाटावर आडवा धरला.

सहाही तिने कापले. कोणी चुकून उचलून नेऊ नये म्हणून. कापल्यावर आत पांढरी, दाट जुडी दिसायची. कुठे काही मोडलेलं दिसत नव्हतं. मालक वाकून बघत होते आणि म्हणत होते, "यात तर काहीच नाही." आई करवत चालवत राहिली.

मोठी सिस्टर आत आली. आईने तिला मोजक्या शब्दांत सांगितलं, की फिल्टर बाद झाले, पाणी उकळावं लागेल. "खळखळून उकळी फुटली की लगेच उतरवू नका. वर गेल्यावर तीन मिनिटं मोजा."

"बाई, आम्हाला उकळायला शिकवताय?" सिस्टर हसली. "हयात गेली त्यात. पातेलं तेवढं मोठं द्या."

पातेलं मोठंच निघालं, बारा जणींचं. नवऱ्याने ते सॅकच्या वर उपडं बांधलं. गॅसचे जादा डबे कोणाला द्यायचे यावर पोरगेले गाइड घुटमळत होते. त्याने तेही स्वतःच्या सॅकमध्ये भरले. मी पुढे होऊन मोजे दिले. त्याने घेतले, खिशात घातले. बाळाने हात पसरले तेव्हा त्याने बाळाचं बोट एकदा धरलं आणि सोडलं.

ओझं जरा जास्तच झालं होतं. दारातून निघताना पातेलं मागे कलंडू लागलं. आई उठली आणि मागून दोन्ही हातांनी पातेल्याचा काठ धरला. त्याला कळलं असणार, कारण पट्टे एकदम सैल पडले. तो थांबला नाही, तिला धन्यवाद म्हणाला नाही. ती दोघं तशीच, एकामागे एक, रस्ता ओलांडून गाडीपर्यंत गेली. तिने काठ सोडला तेव्हा त्याने सॅक खाली ठेवली होती.

नर्सेस धडधाकट परत आल्या. किल्ली आईच्या कमरेला राहिली. नवऱ्याला दोन महिन्यांनी पुन्हा पुढे चालायला मिळालं.

तो परत येतो तेव्हा मी विचारते, "कसा झाला ट्रेक?"

"चांगला झाला," तो म्हणतो. आवाजात राग नसतो. मग बाळाला घेऊन खिडकीशी जातो आणि त्याला रस्त्यावरच्या गाड्या दाखवतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात आई मला विचारते, "काही बोलले का वरचं?"

मी सांगते, "चांगला झाला म्हणे."