दुसरा ओठ

थर्मास बनवणाऱ्या कंपनीने त्या वर्षी ठरवलं, की माल पुरवणारे नुसता मालच पुरवतात की कंपनीच्या इनोव्हेशनलाही हातभार लावतात, हे एकदा मोजून टाकायचं. शंभरपैकी मार्क, चाळीसच्या खाली गेला तो बाद. मोजायचं काम खरेदी खात्यातल्या बारक्याच्या गळ्यात पडलं, आणि पहिल्याच फेरीत बारक्याच्या दाजींना शून्य मिळालं.

दाजी थर्मासच्या झाकणात बसते ती रबरी रिंग बनवत. दोन ओठांची, म्हणजे दोन कडांची. एक ओठ पाणी अडवायचा, दुसरा पहिल्यावर लक्ष ठेवायचा. ही रिंग आजवर गळली नव्हती. त्यांच्या छोट्या कारखान्याला गिऱ्हाईक एकच, ही कंपनी. तेव्हा शून्याचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

रविवारी बारक्या दाजींच्या घरी आला. बहिणीने चहाचा कप त्याच्यापुढे जरा आपटूनच ठेवला.

"सख्ख्या दाजींना शून्य?"

"ताई, दाजी म्हणून शून्य. परका असता तर उणे मिळाले असते." बारक्याने फुंकर घातली. "गेल्या वर्षीपेक्षा यंदा काय सुधारलं, एवढंच मोजायचं असतं. यांनी रिंगेत सुधारायला काही शिल्लकच ठेवलेलं नाही."

"खोट नाही, हा गुन्हा झाला का रे?" दाजींनी विचारलं.

"गुन्हा नाही दाजी, अडचण. झाकणवाल्याकडे बघा. सहा महिने वाकडी झाकणं दिली, मग सरळ दिली. एकाहत्तर मार्क."

"म्हणजे मी आधी बिघडवू."

"थोडंसंच. दुसऱ्या फेरीच्या परीक्षणाला जुनीच रिंग सुधारलेली म्हणून घेऊन या. बाकी मी बघतो."

"बाकी हा बघणार," ताई म्हणाली. "घर बदललं तेव्हा टेम्पोही यानेच बघितला होता. अजून यायचाय तो."

पण दुसरा उपाय कोणाकडेच नव्हता. दाजींनी एका ओठाचा साचा करून घेतला. पहिली रिंग त्यातून निघाली तेव्हा ती त्यांनी झाकणात बसवली, थर्मास उलटा धरला आणि खाली पडणारे थेंब बघत राहिले. मग माल पेट्यांत भरून पाठवून दिला. त्या रात्री ते जेवले, पण काय जेवले ते त्यांना सांगता आलं नसतं.

परीक्षणाच्या दिवशी ते खिशात दोन ओठांची रिंग घेऊन गेले. मोठे साहेब खुर्चीतून उठून सामोरे आले.

"अभिनंदन. चौऱ्याऐंशी मार्क. एक ओठ कमी, रबर कमी, वजन कमी. इतकी वर्षं कोणालाच कसं सुचलं नाही?"

दाजींनी बारक्याकडे पाहिलं. बारक्या छताकडे पाहत होता.

"साहेब, ती रिंग गळते."

"गळती क्वालिटीवाले मोजतात. ते वरच्या मजल्यावर बसतात."

"ही बघा, ही गळत नाही." दाजींनी खिशातली रिंग टेबलावर ठेवली.

साहेबांनी ती प्रेमाने उचलली. "ही तर गेल्या वर्षीची. आता पुन्हा ही दिलीत तर मागे गेल्यासारखं होईल. मागे जाणाऱ्याला मार्क नसतात." मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रिंगेचं ड्रॉइंग बदललंय आम्ही. पुढच्या वर्षी काय कमी करताय?"

साचे कंपनीच्या मालकीचे असतात. ड्रॉइंग बदललं की जुना साचा कापायचा आणि कापल्याचा फोटो पाठवायचा, हा नियम. दाजी कारखान्यात परतले. पाठोपाठ बारक्या आला.

"दाजी, शटर तरी उघडं राहिलं."

"हो."

"मनाला लावून घेऊ नका. वर्षभराने एखादी शक्कल काढून—"

"तो साचा धर जरा. हलतोय."

बारक्याने साचा धरला. दाजींनी पट्टी लावून बरोबर मधोमध खूण केली, पुन्हा एकदा तपासली आणि कटर चालू केला.