फळ्यावरचं मीठ

रिठदला फय्याजभाईच्या गिरणीत दळण घेऊन येणाऱ्या बायांना पिठाबरोबर बातमीही मिळायची, आणि तीही फुकट. गिरणीच्या बाहेरच्या भिंतीवर काळ्या रंगाचा एक चौकोन होता. त्यावर भागिरथाबाई रोज खडूनं लिहायची. वर पेपरातली बातमी, आणि खाली 'आपल्याला काय?' असं लिहून त्या बातमीचा आपल्या चुलीशी संबंध काय, ते. मग रांगेतल्या बायांना ती सगळं मोठ्यानं वाचून दाखवायची, कारण दहातल्या आठजणींना वाचता येत नव्हतं.

भागिरथाबाई बालवाडीची शिक्षिका. तिशी ओलांडलेली, सातवी पास, आणि तोंडानं फटकळ. फळ्याची सुरुवात झाली ती त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात. फय्याजभाईनं दळणाचा दर पायलीमागं पाच पैशांनी वाढवला आणि बायांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या. तेव्हा भागिरथाबाईनं गिरणीच्या दारावरच लिहिलं होतं : 'अरबांनी तेल महाग केलं. आपल्याला काय? गिरणीचं इंजिन डिझेलवर चालतं.' बाया वाचून, ऐकून गप्प झाल्या. फय्याजभाई इतका खूश झाला, की त्यानं दुसऱ्याच दिवशी भिंतीला काळा रंग दिला आणि म्हणाला, "बाई, आता रोज लिवत जा."

तेव्हापासून ती लिहीत होती. लग्नाच्या तिथी दाट आल्या, म्हणजे गूळ चढणार, असं तिनं लिहिलं आणि गूळ चढला. शहरातल्या कापडगिरण्या बंद पडल्या, म्हणजे लुगडी महागणार, असं लिहिलं, तेही झालं. लोक तिला विचारून खरेदी करू लागले. तिच्या आईला या गावातल्या कितीतरी भिंतींना हात लावायची मुभा नव्हती. आता एका भिंतीवर लेकीचं अक्षर होतं आणि सगळं गाव ते ऐकत होतं. भागिरथाबाईला याचा अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

चौऱ्याहत्तरचा एप्रिल संपत आला होता. दुपारच्या वाशिमच्या एसटीनं पेपर आला, त्यात रेल्वेच्या संपाची बातमी होती. भागिरथाबाईनं ती दोनदा वाचली, थोडा वेळ विचार केला, पिशवी घेतली आणि इंद्रभानशेटच्या दुकानातून दहा किलो मीठ आणलं. मग गिरणीवर जाऊन तिनं लिहिलं : 'आठ मेपासून रेल्वेचा संप. आपल्याला काय? मीठ समुद्रावरून रेल्वेनं येतं. गाड्या थांबल्या, तर मीठ थांबेल.'

दिवस लोणच्या-पापडांचे. बायांनी दळणाचे डबे तिथंच टाकले आणि दुकान गाठलं. चार आणे किलोचं मीठ दिवेलागणीला रुपयावर गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी इंद्रभानशेटनं हात वर केले. मीठ संपलं, पोतीही झटकून झाली, असं तो सांगू लागला. भागिरथाबाईला मनातल्या मनात बरंच वाटलं. आपला अंदाज पुन्हा बरोबर आला, असंच तिनं धरलं.

तिसऱ्या दिवशी रांगेत लिलाबाई होती. लिलाबाई रोजंदारीवर जाणारी, आठवड्याला दहा पैशाचं मीठ घेणारी. तिच्या घरात भरून ठेवायला ना पैसा होता ना मडकं. फळ्याकडं बघत ती कौतुकानं म्हणाली, "बाई, तुमी लिवलं तसंच झालं बाप्पा! मीठ गेलंच. दोन दिस झाले, पोरं अळणी भाकर खाऊन राह्यले."

"कोणाजवळून आणाचं ना वाटीभर," भागिरथाबाई म्हणाली.

"मीठ कोणी उसनं देते काय? तेल मांगलं, पीठ मांगलं, तं कोणी नाई म्हणत नाई. मीठ मांगाले कशी जाऊ? हातावर मीठ देलं की भांडण होते म्हणते."

भागिरथाबाईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ती स्वतःही कधी कुणाच्या हातावर मीठ ठेवत नसे. पण त्या क्षणी तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि ती जागच्या जागी शरमली. संपाला अजून आठवडा होता. रेल्वे धावत होती. एकही गाडी थांबली नव्हती, तरी गावात मीठ नव्हतं. मीठ संपानं गेलं नव्हतं, तिच्या खडूनं गेलं होतं. महागणार म्हणून सगळ्यांनी एकदम घेतलं, आणि सगळ्यांनी एकदम घेतलं म्हणून महागलं.

आणि सगळ्यात आधी कुणी घेतलं? तिनंच.

ती घरी गेली नाही. भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन ती दारोदार फिरली. कुणाला दटावून, कुणाला गोडीनं, पण प्रत्येकीला तिनं एकच विचारलं, घरात मीठ किती? कुणाकडं आठ किलो, कुणाकडं पंधरा. उकंडराव पाटलांच्या घरी तर पलंगाखाली अख्खं पोतं. एका घराला महिन्याला लागतं किलो-दीड किलो. म्हणजे गावात दिवाळीपर्यंत पुरेल एवढं मीठ होतं. ते फक्त दुकानातून उठून पलंगाखाली गेलं होतं.

गिरणीवर परत आली तेव्हा फय्याजभाई तोंड पाडून उभा होता. "बाई, आता हा फळा पुसा," तो म्हणाला. "ज्याले मीठ नाई भेटलं तो मह्या दारात येऊन शिव्या देते. इंद्रभानशेट म्हणते, तुनंच भिंत देली. मले धंदा करा लागते."

"फय्याजभाई, दोन दिस द्या मले."

"दोन दिसानं काय होते?"

"मी बिघडवलं, मीच दुरुस्त करतो. नाई झालं, तं मह्या हातानं डांबर लावतो या भिंतीले."

फय्याजभाईनं तिच्याकडं पाहिलं. बाईचा चेहरा असा झाला, की वाद घालण्यात अर्थ नसतो, हे त्याला अनुभवानं माहीत होतं. "परवा सांजेपर्यंत," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रांग भरलेली असताना, भागिरथाबाई डोक्यावर टोपली घेऊन आली. टोपलीत मीठ होतं. ती तिनं फळ्याखालच्या ओट्यावर ठेवली, त्यात एक वाटी ठेवली आणि लिहायला लागली. त्या दिवशी ती बराच वेळ लिहीत होती. मग तिनं बायांकडं तोंड केलं आणि वाचायला लागली.

"गावात मीठ नाही, हे खोटं. ते दुकानातून आपल्या घरात गेलं. माझ्या घरी दहा किलो आहे. संपाची ओळ लिहिण्याआधी मी ते आणलं, मग तुम्हाला सांगितलं. ही माझी चूक. आमच्या घरात महिन्याला दीड किलो लागतं. बाकीचं मृगात पाझरेल, मडकी खाईल, भिंतीला लोणा लागून पोपडे सुटतील. दोन किलो ठेवून आठ किलो इथं आणलं आहे. ज्यांच्याकडं नाही, त्यांनी वाटीभर घ्यावं. ज्यांच्याकडं जास्त आहे, त्यांनी टाकावं. कुणी कुणाच्या हातावर द्यायचं नाही. खाली ठेवायचं, खालून उचलायचं."

गंगू, उकंडराव पाटलांची सून, तोंडाला पदर लावून हसली. "आधी सोता भरलं, मंग आमाले शायनपना शिकोते," ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. एरवी भागिरथाबाईनं गंगूला उभी चिरली असती. त्या दिवशी ती टोपलीजवळ खाली बसली आणि बसूनच राहिली.

दुपारपर्यंत टोपलीला कुणी हात लावला नाही, टाकायलाही नाही आणि घ्यायलाही नाही. शेवटी फय्याजभाई आत घरात बायकोकडं गेला आणि एक डबा घेऊन खाली मान घालून बाहेर आला. "हुस्नाबानोनं भरून ठेवलं होतं," तो पुटपुटला. "मले माईतच नोतं." त्यानं डबा टोपलीत ओतला. त्याला माहीत होतं, हे रांगेतल्या सगळ्यांना कळलं, पण त्याच्या डब्याचा खळखळाट झाल्यावर बाया जरा सैल झाल्या.

मग लिलाबाई उठली. इकडं-तिकडं बघत ती ओट्यापाशी आली आणि अडखळली.

"घे वं," भागिरथाबाई म्हणाली. "मी नाई देऊन राह्यली. ओटा देऊन राह्यला."

लिलाबाईनं वाटी भरली, पदरात ओतली आणि गाठ मारली. तिच्यामागून आणखी तिघी आल्या. संध्याकाळी टोपली अर्धी झाली होती, आणि टाकणारं फय्याजभाईशिवाय कुणी आलं नव्हतं. भागिरथाबाई घरी जाताना मनाशी म्हणाली, उद्या राहिलेले दोन किलोही आणीन. डांबर लावायची पाळी आली तर लावीन, पण टोपली रिकामी दिसू देणार नाही.

सकाळी ती दोन किलो घेऊन आली, तर गिरणीपुढं माणसं जमली होती. टोपलीत मीठ मावत नव्हतं. शेजारी एक घमेलं भरलेलं, त्याच्या शेजारी एक फुटकी कुंडी भरलेली. कुणी टाकलं, ते कुणी पाहिलं नव्हतं. हातावर द्यायचं नव्हतं, तोंड दाखवायचं नव्हतं, म्हणूनच लोकांना सोपं गेलं असावं. मृगात मीठ पाझरतं, हे तर घराघरातल्या सासवांना फळ्याशिवायही माहीत होतं. गंगू त्या दिवशी दळण घेऊन आली, पण हसली नाही. तिच्या लुगड्याच्या काठाला मिठाचे दोन खडे चिकटले होते. भागिरथाबाईनं ते पाहिले आणि न पाहिल्यासारखं केलं.

दुपारी इंद्रभानशेटच्या दुकानात, झटकलेल्या पोत्यांमागून, दोन भरलेली पोती बाहेर आली. भाव रुपयाचा आठ आणे झाला, मग चार आणे झाला, तरी कुणी फिरकेना. ज्या दिवशी देशभरात रेल्वेचा संप खरोखर सुरू झाला, त्या दिवशी रिठदला मीठ तीन आणे किलो होतं.

फय्याजभाईनं डांबराचा विषय पुन्हा काढला नाही. उलट खडूंचा एक नवा डबा आणून त्यानं ओट्यावर ठेवला.

पंधरा दिवसांनी पेपरात रॉकेलची बातमी आली. कोटा कमी होणार होता. भागिरथाबाईनं खडू घेतला, वरची ओळ लिहिली, खाली 'आपल्याला काय?' लिहिलं, आणि तिचा हात थांबला. मागं रांग उभी होती.

"बाई," लिलाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण भीडही नव्हती. "पुढचं लिवाच्या आधी एक सांगा. तुमच्या घरी रॉकेल भरलं काय?"

भागिरथाबाई वळली. हा प्रश्न आता जन्मभर आपल्याला विचारला जाणार, हे तिला कळलं. तिला त्याचं वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

"नाई भरलं," ती म्हणाली. "बाटली होती तेवढीच हाये. पाहून या."

लिलाबाई खरंच गेली. रांग थांबली, इंजिन थांबलं, फय्याजभाई पीठभरल्या भुवयांनी दारात येऊन उभा राहिला. थोड्या वेळानं लिलाबाई चालत परत आली आणि आपल्या जागी उभी राहिली.

"अर्धी बाटली हाये," तिनं सगळ्यांना सांगितलं. मग भागिरथाबाईकडं वळून म्हणाली, "आता लिवा."