तळाशी ठेवलेले बूट

हल्ली माझ्यात लिंबे ठेवतात. कधी दोनचार कच्ची केळी, कधी वाळत घालायचे राहिलेले फडके. माझा एक कान तुटला आहे आणि तळाला दोन बोटे जातील एवढे भोक पडले आहे, म्हणून बारीक वस्तू कोणी माझ्यात टाकत नाही. मी एक जुनी टोपली आहे, मित्रांनो. सेंट लुशिया बेटावरच्या ‘मारी-रोझ’ नावाच्या कॅटमरानवर, म्हणजे दोन होड्या शेजारी जोडल्यासारख्या दोन अंगांच्या, रुंद शिडाच्या बोटीवर, मी अकरा वर्षे काम केले. काम एकच होते. चढणाऱ्यांचे बूट सांभाळायचे आणि उतरताना परत द्यायचे.

माझा जन्म उत्तरेकडच्या डोमिनिका बेटावरचा. तिथल्या मूळच्या कालिनागो लोकांतल्या व्हिक्टोरिन नावाच्या बाईने मला विणले. ओढ्याकाठची लांब कांडी कापून तिने त्यांच्या पट्ट्या काढल्या. काही उन्हात ठेवून तांबूस केल्या, काही चिखलात पुरून काळ्या केल्या, काही खरवडून पांढुरक्या ठेवल्या. मग दुपदरी वीण घातली आणि दोन पदरांच्या मध्ये रुंद रानपाने बसवली. अशा टोपलीत पावसाचे पाणी शिरत नाही. व्हिक्टोरिन हे गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत असे. आत गेलेले पाणी तितक्याच कष्टाने बाहेर येते, हे मात्र ती सांगत नसे. माझ्यात कोणी ओल्या वस्तू भरील असे तिला वाटलेच नसावे.

मला विकत घेतले मिस फिलोमीनने. ती डोमिनिकाला भाचीच्या लग्नाला आली होती आणि परतताना मला डोक्यावर घेऊन फेरीबोटीत चढली. तीस वर्षे तिने बालवाडीत शिकवले होते. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून ती ‘मारी-रोझ’वर स्वयंपाकपाणी बघू लागली. बोटीचा कप्तान क्युथबर्ट हा तिचाच जुना विद्यार्थी. बोटीवर हुकूम त्याचा चाले, पण तो तिला ‘मिस’ म्हणे आणि ती त्याला ‘अरे’ म्हणे.

कॅटमरानवर बूट घालून चालत नाहीत. बुटांतली वाळू पांढऱ्या डेकवर ओरखडे काढते. म्हणून मागच्या पायरीपाशी मला ठेवत, आणि बंदरात लागलेल्या मोठ्या पर्यटक जहाजांवरून आलेले प्रवासी माझ्यात बूट टाकून अनवाणी वर चढत. सकाळी बोट सूफ्रिएर गावाला जाई. तिथे जेवण होई. परतीच्या वाटेवर आंस कोशोंच्या खाडीत बोट थांबे. मग लोक डोळ्यांवर काच, तोंडात नळी आणि पायांत रबरी पंख चढवून पाण्यात उतरत आणि तासभर प्रवाळावरचे मासे बघत पालथे तरंगत. मला ते दृश्य पायरीवरून दिसे. पंचवीसतीस पाठी आणि तितक्याच नळ्या. बाकी कोण कोणाचे, काही ओळखू येत नसे.

परत निघाल्यावर सगळ्यांना केळ्याचा केक आणि रमचे सरबत देऊन झाले की मिस फिलोमीन माझ्यापाशी बसे आणि एकेक जोड काढून पायरीवर मांडे, टाचा आत आणि बोटे बाहेर. बालवाडीच्या दारात ती असेच करत असे. सकाळी बूट काढणाऱ्याचा चेहरा तिने पाहिलेला असे, आणि कोणता जोड कोणाचा, हे ती कधी चुकत नसे. कप्तानाला या मांडणीची गंमत वाटे.

“मिस, ती मोठी माणसं आहेत. आपापले बूट शोधतील.”

“तू सात वर्षांचा होईपर्यंत उजवा बूट डाव्यात घालायचास,” मिस म्हणे. “तू सुकाणू बघ.”

असे सगळे शांतपणे चालले होते. मी मात्र आतून कुजत होते. बूट ओले, वाळू ओली, आणि माझी वीण पाणी धरून ठेवणारी. संध्याकाळी मला उन्हावाऱ्यात उपडे घालायला हवे होते, पण बोट धुण्याच्या गडबडीत ते राहून जाई. एक दिवस कप्तानाने निळे प्लास्टिकचे टब आणून ठेवले. पुढच्या सोमवारपासून ते वापरायचे, असे ठरले.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारची गोष्ट सांगते.

त्या दिवशी सव्वीस प्रवासी होते. सगळ्यांत शेवटी मिस्टर पार्डी आले. कॅनडातल्या कुठल्याशा थंड बंदरगावचे, सत्तरीचे, एकटेच. पायरीवर बसून त्यांनी सावकाश तपकिरी बूट काढले. इतर सगळे वर जाईपर्यंत ते थांबले. मग वरचे बूट हाताने बाजूला सारून त्यांनी आपला जोड माझ्या अगदी तळाशी ठेवला आणि डाव्या बुटाचा तळ माझ्या भिंतीकडे वळवला. तो तळ तीन बोटे जाड होता. त्यांचा डावा पाय आखूड होता. मिस फिलोमीन समोरच उभी होती, पण नेमक्या त्या वेळी तिने मान वळवून नारळाच्या पेटीकडे पाहिले.

खाडीत उतरताना मिस्टर पार्डी कठड्याला धरून लंगडत आले. मिसने त्यांच्या तरंगायच्या जाकिटाचा पट्टा आवळला.

“पाण्यात मला बरं वाटतं,” ते म्हणाले. “तिथे दोन्ही पाय सारखे होतात.”

“मग वेळेवर बाहेर या. उशिरा येणाऱ्याला आमच्याकडे केक मिळत नाही.”

ते हसले आणि पाण्यात उतरले.

खाडीत आणखी एक कॅटमरान नांगरून होती. तिचे शीड हिरवे आणि आमचे तांबडे, पण शिडे गुंडाळलेली होती आणि पाण्यातून वर पाहणाऱ्याला दोन पांढऱ्या अंगांपलीकडे काहीच दिसत नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी आमचा भोंगा वाजला. माणसे शिडीवरून वर आली. लोकांना पाण्यात नेणारा डेल्टन हा चाळिशीचा, काळजी घेणारा माणूस. त्याने डोकी मोजली. कप्तानाने पुन्हा मोजली. दोघांचेही सव्वीसच आले. आम्ही निघालो.

त्या दिवशी केळ्याचा केक निघण्याआधीच संपला होता आणि सरबत ज्याचे तो ओतून घेत होता, म्हणून मिस फिलोमीनला काम नव्हते. ती नेहमीपेक्षा लवकर माझ्यापाशी येऊन बसली. वीस मिनिटांत ती माझ्या तळाशी पोचली. तपकिरी बूट हातात घेऊन ती थांबली. डावा बूट उजव्यापेक्षा जड होता. तिने मान वर करून बाकांवरचे चेहरे पाहिले. मग ती उठली, पुढे दोन अंगांच्या मध्ये ताणलेल्या, बसायच्या जाळ्यांपर्यंत गेली, दोन्ही अंगांतल्या खोल्या पाहिल्या, संडासाचे दार ठोठावले, आणि बूट हातात तसेच घेऊन कप्तानापाशी आली.

“मिस्टर पार्डी कुठे आहेत?”

“असतील पुढे.”

“नाहीत. मी बघून आले.”

“डेल्टन, तू मोजलंस ना?”

“मोजलं की. तुम्हीही मोजलंत. सव्वीस.”

“ऐकलंत?” कप्तान म्हणाला. “सव्वीस आणले, सव्वीस नेतोय. साडेपाचला यांचं जहाज सुटतं. एका बुटासाठी मी बोट वळवली तर पुढल्या आठवड्यापासून आपल्याकडे कोणी माणसं पाठवणार नाही.”

“अरे, बूट आहे. माणूस नाही.”

“मग सव्वीस कसे?”

मिसने बूट त्याच्यासमोर धरले. “बेरीज तुला मीच शिकवली,” ती म्हणाली. “बेरीज बरोबर आली तरी गणित चुकलेलं असू शकतं, हे शिकवायचं राहिलं बहुतेक.”

ती मागे आली आणि पळीने पातेले वाजवले. “सगळ्यांनी आपापले बूट घालून घ्या. आत्ता. हो, आत्ताच.”

कुरकूर झाली. कोणी म्हणाले, अजून अर्धा तास आहे. पण तिचा आवाज बालवाडीचा होता आणि मोठी माणसेही त्याला जुमानत. एकेक जण येऊन जोड उचलून गेला. पंचवीस जोड गेले. तपकिरी जोड उरला. आणि पुढच्या जाळीवर सरबताचा पेला घेऊन बसलेली एक बाई पायऱ्यांवर इकडेतिकडे बघत उभी राहिली.

“माझे जांभळे सँडल दिसत नाहीत.”

“तुम्ही सकाळी कोणत्या बोटीवर चढलात?” मिसने विचारले.

“कोणत्या म्हणजे? याच.”

“शीड कोणत्या रंगाचं होतं?”

बाईने वर पाहिले. वर तांबडे शीड वाऱ्याने फुगले होते. तिने पेला हळूच खाली ठेवला.

“हिरवं,” ती म्हणाली. “मला वाटलंच होतं, या फेरीला सरबत जास्त चांगलं झालंय.”

कोणी हसले नाही. कप्तानाने एकदा मिसच्या हातातल्या बुटांकडे पाहिले आणि सुकाणू पूर्ण फिरवले. डेल्टनने शीड उतरवले, दोन्ही इंजिने पूर्ण जोराने सुरू झाली. कप्तानाने दुसऱ्या बोटीला रेडिओवर विचारले. त्यांचे लोक अजून पाण्यातच होते. त्यांनी सगळ्यांना वर घेऊन मोजले आणि कळवले की त्यांच्याकडे म्हातारा कोणी नाही, उलट त्यांची एक बाई कमी आहे.

त्या पाऊण तासाबद्दल मला फारसे सांगता येणार नाही. मी मागच्या पायरीवर होते आणि मला फक्त मागे पडणारे पाणी दिसत होते. तपकिरी बूट मिसने माझ्यात परत ठेवले होते, या वेळी वरच. दुसरे काहीच माझ्यात नव्हते. डेल्टन डोळ्यांवर हात धरून कठड्याशी उभा होता आणि समोरचे पाणी न्याहाळत होता. खाडी रिकामी निघाली. हिरव्या शिडाची बोट तिच्या दक्षिणेकडच्या टोकाशी शोध घेत होती. कप्तानाने इंजिने थांबवली आणि पाण्यावरचे एक नारळाचे सोडण कुठे जाते, ते बघत राहिला. सोडण उत्तरेकडे सरकले आणि टोकापाशी वळून उघड्या समुद्राकडे गेले. त्या दिशेला पुढे कित्येक दिवस जमीन लागत नाही.

आम्ही सोडणाच्या मागे गेलो.

टोकापलीकडे कोळ्यांनी बुडवलेल्या पिंजऱ्यांच्या खुणा तरंगत होत्या. दोरीला बांधलेले रिकामे निळे डबे. त्यांतल्या एकाला मिस्टर पार्डी दोन्ही हातांनी मिठी मारून होते. एका पायातला पंख गेला होता आणि ओठ पांढरे पडले होते. खाली, दोरीच्या दुसऱ्या टोकाला, बांबूच्या कामट्यांनी विणलेला मासे धरायचा पिंजरा दगडांनी भरून तळावर बसलेला होता. नात्याने तो माझा चुलत भाऊ लागतो. सत्तर मिनिटे त्याने तो माणूस जागेवर धरून ठेवला होता.

डेल्टनने त्यांना शिडीवरून वर आणले. मिसने टॉवेल गुंडाळला, गोड चहा पाजला. बराच वेळ त्यांचे दात वाजत होते.

“हाक का नाही मारलीत हो?” कप्तानाने विचारले.

“बोट निघताना मी हात वर केला होता,” मिस्टर पार्डी म्हणाले. “पण तुम्ही सगळे घाईत दिसलात.”

हिरव्या शिडाच्या बोटीने वाटेतच आपली बाई परत नेली. जाताना ती मिस्टर पार्डींपाशी थांबली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उतरली. बंदराला पोचायला साडेपाच वाजून गेले. कप्तानाने आधीच कळवले होते, म्हणून जहाज थांबले होते. उतरताना मिसने आधी डावा बूट मिस्टर पार्डींना दिला, मग उजवा.

“मी नाहीये, हे तुम्हाला कसं कळलं?”

“हा हाताला जड लागला.”

त्यांनी बुटाचा जाड तळ उलटा करून पाहिला, जणू पहिल्यांदाच पाहत होते. “मी हे नेहमी सगळ्यांच्या खाली ठेवतो,” ते म्हणाले.

“माहीत आहे,” मिस म्हणाली. “पाहिलं होतं मी.”

सोमवारी ठरल्याप्रमाणे पायरीपाशी निळे टब आले. त्यांच्यासोबत लिहायची एक पाटी आली. आता प्रवाशांची नावे लिहितात आणि निघताना नाव घेऊन हाक मारतात. ज्याने त्याने आपल्या तोंडाने उत्तर द्यायचे असते. नुसती डोकी मोजणे बंद झाले. ही पद्धत माझ्यापेक्षा चांगली आहे. माझा तळ तोवर फाटलाच होता. मिसने मला स्वयंपाकाच्या कट्ट्याखाली घेतले आणि माझ्यात लिंबे ठेवली. बोट सुटताना ती पाटीवरच्या हाका ऐकते, आणि तरीही दुपारी टबातले जोड पायरीवर मांडते. कप्तान आता काही म्हणत नाही. मध्यंतरी एकदा तो स्वतःच मांडताना दिसला.

दोन वर्षांनी मिस्टर पार्डी पुन्हा आले. कट्ट्याखालून मला मागची पायरी दिसते. त्यांनी मला पाहिले नाही, आणि पाहिले असते तरी ओळखण्याचे काही कारण नव्हते. या खेपेला ते इतरांसाठी थांबले नाहीत. रांगेत होते तिथेच खाली बसून त्यांनी बूट काढले, आणि भरत आलेल्या निळ्या टबात सगळ्यांच्या वर ठेवले. डाव्याचा जाड तळ आकाशाकडे होता.

“आज केक आहे का?” त्यांनी विचारले.

“वेळेवर आलात तर,” मिस म्हणाली.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. घरी अशी एखादी विणलेली टोपली असेल तर काम झाल्यावर तिला उन्हात उपडी घाला. ती तुमच्या आजीच्या वयापर्यंत टिकेल. आणि कुठे सहलीला गेलात, निघायची वेळ झाली, मोजणी बरोबर आली, तरी एकदा दाराशी बघून या. तिथे एखादा जोड उरला असेल, तर तो कोणाचा ते नाव घेऊन विचारा. उत्तर येईपर्यंत नांगर उचलू नका.