आज सारू कसं होतं?

सुखदाने चेंबरच्या कडेला गुडघे टेकले आणि दोरीला बांधलेली बाटली हळूहळू खाली सोडली. डी ब्लॉकमधल्या एकाखाली एक असलेल्या घरांचं सांडपाणी एकेका पाइपातून खाली यायचं आणि असे चार पाइप या सिमेंटच्या चौकोनात येऊन मिळायचे. तीन पाइपांचे नमुने झाले होते. चौथ्याच्या तोंडाशी तिने बाटली तिरकी धरली, भरू दिली आणि वर ओढली.

मागे महांतेश टॉवेलची दुहेरी घडी तोंडावर दाबून उभा होता. सोसायटीचा सांडपाण्याचा प्लांट तो चालवायचा. बेळगावकडचा असल्यामुळे सुखदाशी मराठीतच बोलायचा.

"झालं का मॅडम? ब्लोअर बंद पडल्यापासून नुसती घाण सुटलीय. मला रोजची सवय, तरी आज टॉवेल दुहेरी करावा लागला."

"झालंच."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"मास्क चांगला आहे," झाकण घट्ट करत ती म्हणाली.

"मग मलाबी एक द्या की तसला."

तिने बाटलीवर ब्लॉक आणि पाइपचा क्रमांक लिहिला, हातमोजे उलटे करून पिशवीत टाकले आणि त्याला उद्याच मास्क आणून द्यायचं कबूल केलं.

सोसायटीच्या सांडपाण्यात विषाणू शोधण्याची कल्पना तिचीच होती. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून ती पुण्याहून बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका प्रयोगशाळेत आली, त्याला वर्षही झालं नव्हतं. प्रयोगशाळेत हेच काम सुरू होतं. माणसं सांगोत न सांगोत, पाणी सांगतं, असं तिने कमिटीला समजावलं होतं, आणि सगळे खूश झाले होते. कारण माणसं सांगेनाशी झाली होती.

ते सूर्यकांत यांच्यापासून सुरू झालं. ए ब्लॉकमधले सूर्यकांत पॉझिटिव्ह निघाले, तेव्हा कमिटीने ठराव करून त्यांच्या दाराला बाहेरून पत्रे ठोकले होते. वर वीतभर फट. त्या फटीतून दुधाची पिशवी आत टाकायची. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला, खाली कुणीतरी टाळ्यांची चित्रं टाकली. सूर्यकांत बरे झाले आणि पत्रे निघाले. पण त्यानंतर सोसायटीत कुणाला सर्दीसुद्धा झाली नाही. खोकला आला तर लोक नळ सोडून खोकत. काढलेले पत्रे जनरेटरच्या खोलीमागे उभे करून ठेवले होते. येता-जाता दिसत.

शनिवारी संध्याकाळी निकाल आला. तीन पाइप कोरे, चौथ्यात विषाणू.

चौथ्या पाइपावरची घरं सुखदाला पाठ होती, कारण तिचं घर त्यातलंच. तळमजल्यावर आणि पहिल्यावर कुलूप, दोन्ही कुटुंबं मार्चमध्येच गावी गेलेली. चौथ्या मजल्यावर अवधूत. त्याने ऑफिसच्या कामासाठी कालच तपासणी केली होती आणि निगेटिव्ह रिपोर्ट ग्रुपवर अभिमानाने टाकला होता. त्याच्या वरचं घर भाड्याने द्यायचं म्हणून रिकामं. वरून खाली मोजत आलं की उरत होतं एकच दार. तीनशे चार. कमलाअक्का आणि गुंडोअण्णा.

ती लॅपटॉप मिटून बसून राहिली.

कमलाअक्का बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड असायची आणि पुण्याच्या मराठीला त्या "रेडिओची भाषा" म्हणायच्या. टाळेबंदी लागली, सुखदाची रूममेट नाशिकला निघून गेली, आणि दुसऱ्याच दिवशी वरच्या बाल्कनीतून दोरीला बांधलेली टोपली खाली आली होती. टोपलीत झाकणाचं भांडं, भांड्यात सारू, म्हणजे डाळ-चिंचेचं पातळ सार. तेव्हापासून रोज दुपारी टोपली यायची. संध्याकाळी सुखदा भांडं घासून परत टोपलीत ठेवायची आणि वर बघून निकाल सांगायची. मीठ किती, चिंच किती. "आज हिंग जरा पुढे पुढे करतोय," असं एकदा ती म्हणाली, तर अक्का कठड्यावर ओणव्या होऊन हसत सुटल्या होत्या. "अय्यो, नाक आहे की काय गे तुझं! आमच्या अण्णांना चाळीस वर्षांत कळलं नाही ते."

पण गेल्या काही दिवसांत टोपली नुसती यायची आणि दोरी सैल व्हायची. अक्का कठड्याशी थांबत नव्हत्या. "भांडं राहू दे तुझ्याकडेच," आतूनच ओरडून सांगायच्या, "माझ्याकडे आहेत पुष्कळ." तिच्या ओट्यावर त्यांची भांडी साठली होती. गुंडोअण्णांची संध्याकाळची खुर्चीही बाल्कनीतून नाहीशी झाली होती. अण्णांचा खोकला तेवढा ऐकू यायचा. पण तो जुनाच. यशवंतपूरला लोखंडाच्या ओतशाळेत जन्म गेला, त्या धुळीची ती देणगी. चार पायऱ्या चढले तरी त्यांना भिंत धरावी लागे.

निरीक्षणं सगळी एकाच दिशेला जात होती. तिला ती दिशा नको होती.

रविवारी दुपारी टोपली येऊन गेल्यावर तिने अक्कांना फोन लावला.

"अण्णा कसे आहेत?"

"आहेत की. पेपर नाही म्हणून माझ्यावर गुरगुरतायत." मग अक्कांनी विचारलं, "तू कशी आहेस?"

"मला काय होतंय?"

"जेवण जातंय ना नीट? ताप, कणकण?"

"काही नाही हो."

"आणि आज सारू कसं होतं?"

"मस्त. नेहमीसारखं."



"सरी, बरं," अक्का म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

लगेच गिरीराजचा फोन आला. तो कमिटीचा सेक्रेटरी. नागपूरचा, कामाचा, कुणालाही मध्यरात्री औषध आणून देईल असा, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं.

"सापडला ना पाइप? तुझी टेस्ट म्हणजे एक नंबर काम आहे, सांगतो तुला. लोकं लपवून राहिले आणि आपण मरून राहिलो. आज मीटिंगमधे नंबर सांगून टाक. सुताराला मी उद्या सकाळचं सांगितलं आहे."

"सुतार कशाला?"

"पत्रे कोण मारणार? मी?"

तिने मनातल्या मनात तीनशे चारच्या दाराला पत्रे लावून पाहिले. आत गुंडोअण्णा, भिंत धरून. श्वास लागला, तर आधी स्क्रू काढायला माणूस शोधायचा. संध्याकाळपर्यंत तिने चार वेळा कागदावर वाक्यं लिहिली आणि खोडली. शेवटी एकच ठेवलं: ही चाचणी घरापर्यंत पोचत नाही.

मीटिंग नेहमीप्रमाणे स्क्रीनवर होती. लॅपटॉपशेजारी दुपारचं उरलेलं सारू तिने गरम करून ठेवलं होतं. बोलणं झाल्यावर भातावर घेईन म्हणून. अध्यक्ष रघुनंदन यांनी घसा साफ केला आणि सुखदाला बोलायला सांगितलं.

"डी ब्लॉक, चौथा पाइप," ती म्हणाली. "पण ही चाचणी घरापर्यंत पोचत नाही. मी घराचं नाव सांगणार नाही. त्या पाइपावरच्या सगळ्यांनी घरात राहावं आणि आपण त्यांना सामान पोचवावं, असं मला वाटतं."

"सगळे म्हणजे किती? कुलपं धरून?" गिरीराज हसला. "मी सांगतो ना. खालची दोन बंद. अवधूतचा रिपोर्ट आला आहे. उरलं तीनशे चार. म्हातारबुवा दिवसभर खोकून राहिले, सगळ्या ब्लॉकला ऐकू येते."

"तो खोकला जुना आहे."

"असंल. आपल्याले कोणाचं वाईट नाही करायचं. पण ठराव तो ठराव. जे सूर्यकांतजींना, तेच सगळ्यांना. हात वर करा."

छोट्या छोट्या चौकोनांत पिवळे हात उगवत गेले.

"स्वल्प थांबा," रघुनंदन म्हणाले. "कमलाअक्कांना विचारू तरी. मी फोन लावतो, स्पीकरवर ऐका सगळे."

फोन उचलला गेला. रघुनंदन यांनी अवघडत, शब्द निवडत, काय झालं ते सांगितलं. अक्कांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"आमची तपासणी झालीय," त्या म्हणाल्या. "दोघांचीही. माणूस घरी येऊन नाकातलं घेऊन गेला होता. आज दुपारी रिपोर्ट आला, काही निघालं नाही. पाठवू का फोटो?"

"तुम्ही तपासणी का केली अक्का? कुणाला काही त्रास?"

"असंच हो. म्हातारी माणसं आम्ही."

फोटो आला. गिरीराजने तो मोठा करून सगळ्यांना दाखवला, तारखेसकट. मग तो खुर्चीत मागे टेकला. "मग कोण? तिथे दुसरं आहे कोण?"



सुखदाने शेजारचं भांडं सहज जवळ ओढलं. वाफ तिच्या चष्म्यावर बसली. तिने चष्मा काढला आणि वाफेत तोंड घातलं. ऊब लागली, ओल लागली. बाकी काही नाही. ती माइक बंद करून उठली आणि ओट्याजवळ गेली. हिंगाची डबी उघडून तिने नाकाशी धरली, मग आणखी जवळ, इतकी की नाकाच्या शेंड्याला पूड लागली. मग तिचं लक्ष तिथे साठलेल्या भांड्यांकडे गेलं. ती तिनेच घासून पालथी घातली होती. एकाच्या तळाला काळा चट्टा होता, घासून घासूनही न निघालेला. सोमवारचं भांडं, डाग निघेपर्यंत म्हणून ठेवून घेतलेलं. घासताना तिला तो दिसला होता आणि तिने त्याचा काहीच अर्थ लावला नव्हता.

मास्क कण अडवतो, वायू नाही. वासाला तो भिंत नसून चाळण आहे. हे तिनेच याच कमिटीला चित्र काढून दाखवलं होतं.

ती परत येऊन बसली आणि तिने माइक सुरू केला.

"दोनशे चार राहिलं."

"ते तर तुझं," गिरीराज म्हणाला.

"हो. मला वास येत नाहीये. कधीपासून, ते सांगता येणार नाही. उद्या तपासून घेते. पण महांतेशला आजच कळवा, मी त्याच्याजवळ उभी होते. लॅबला मी कळवते." "आणि ठराव झालाय, तर सुताराला दाराचा नंबर बदलून सांगा."

"अगं, तुला कशाला पत्रे? तू तर आपली..."

गिरीराजचं वाक्य तिथेच राहिलं. पिवळे हात एकेक करून खाली गेले.

सगळ्यात खालच्या ओळीत, एका चौकोनात सूर्यकांत होते. ते दर मीटिंगला येत आणि काही न बोलता शेवटपर्यंत बसत. ते तिथे आहेत हे लोक विसरूनही गेले होते. त्यांनी माइक सुरू केला, तेव्हा आधी त्यांच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

"सकाळचं दूध मी ठेवत जाईन तिच्या दाराशी," ते म्हणाले. "अर्धा लिटर पुरेल ना?"

"पुरेल," सुखदा म्हणाली.

रघुनंदन यांनी मीटिंग संपवली. पत्र्यांचं काय, ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

बाल्कनीत अजून उजेड होता. वरून दोरी घासल्याचा आवाज आला आणि टोपली कठड्याशी टेकली. भांडं गरम होतं. सुखदाने मास्क घट्ट केला, ओढणीच्या टोकाने भांडं उचललं आणि वर पाहिलं. आज अक्का कठड्याशी आल्या होत्या, तोंडाला पदर बांधून, हातभर मागे राहून.

"सोमवारी डाळ करपली होती ना अक्का?"

"कोळसा झाली होती. अण्णांनी ताट सरकवलं. सिलिंडर संपत आलेला, दुसरी कुठं शिजवू? तसंच पाठवलं. म्हटलं आज पोरगी शिव्या घालेल. तर तू म्हणालीस मस्त!"

"आणि तुम्हाला कळलं?"

"छे. वाटलं, मोठ्या माणसाचं मन राखतेय. म्हणून दुसऱ्या दिवशी फोडणीच घातली नाही. हिंग नाही, कढीलिंब नाही, नुसतं चिंचेचं पाणी. तरी मस्त."

"मला सांगायचं तरी."

अक्का दोरीची गाठ चाचपत राहिल्या. "आधी वाटलं, आमच्याकडूनच तुला गेलं असेल. म्हणून तो तपासणीवाला बोलावला. आणि आज रिपोर्ट आल्यावर सांगणार होते, जिभेवर आलं होतं. पण तू खरं बोलणारी. ऐकलं असतंस की लगेच मीटिंगमधे सांगितलं असतंस. खाली ते पत्रे आहेत ना गे." मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "चुकलं असेल माझं."

आत अण्णा खोकले, थांबले, आणि "अगं, गार होतंय तिचं," असं काहीतरी म्हणाले.

तिने टोपली रिकामी करून सोडून दिली. खाली जमिनीवर भिंतीला टेकून बसली, झाकण काढलं, मास्क हनुवटीखाली ओढला.

"अक्का," ती वर न बघता म्हणाली, "आज सारू कसं झालंय?"

"मला काय विचारतेस? ते तू सांगायचं."

"नाही. तुम्ही सांगा. वास कसा येतोय?"

वर पावलं आत गेली, भांड्यावर पळी वाजली आणि पावलं परत आली.

"ऐक," अक्का म्हणाल्या. त्यांनी वाटीवर मान झुकवून श्वास आत ओढला, तो खालीही ऐकू आला. "आधी हिंग येतोय. पण पुढे पुढे करत नाहीये, बरं का. त्याच्यामागं तुपातला कढीलिंब. मग मिरी. थांब, घाई करू नको, अजून टोमॅटो यायचाय."

सुखदाने भांडं दोन्ही हातांत धरलं आणि टोमॅटो येईपर्यंत थांबली.