पुसलेला तीळ

आमचे हे फोटोवाले. उभी हयात गिऱ्हाइकांच्या तोंडावरचे तीळ, मुरुमं आणि चामखिळी पुसण्यात गेली. नवरदेवाच्या टकलावर केससुद्धा उगवून देतात. आणि तीळ निघाला तो ह्यांच्याच डोळ्यात! तोही आत, पार पडद्याच्या मागे.

हे चष्म्याचा नंबर काढायला गेले तेव्हा तो सापडला. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्याच्या आतला फोटो काढून ह्यांच्या हातात दिला. म्हणाले, "बहुतेक साधा तीळ आहे. पण क्वचित अशातून कॅन्सर होतो. चार महिन्यांनी मोठ्या दवाखान्यात दाखवा, हा फोटो सोबत न्या. वाढलाय का, एवढंच बघायचं."

चार महिने मी देव पाण्यात घालून बसले. हे मात्र मजेत.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब घातले, नवा फोटो काढला, सोनोग्राफी केली आणि जुना फोटो शेजारी धरला. त्यांचा चेहरा उतरला.

"आधी इथे काहीच नव्हतं?"

त्यांनी दोन्ही फोटो पुन्हा ताडून पाहिले.

"तसा सपाट आहे, खाली पाणीही साचलेलं नाही. पण चार महिन्यांत एवढा उगवला असेल, तर थांबून चालणार नाही. तो जाळायला डोळ्याला बाहेरून काही दिवस किरणं सोडणारी चकती शिवावी लागेल. नजर अधू होऊ शकते."

मी रडायलाच लागले. हे खुर्चीत चुळबुळ करत होते.

"मॅडम, तो मी काढला."

"काय काढलं?"

"तीळ. फोटोतला. कॉम्प्युटरवर घेतला, पुसला, नवा प्रिंट मारला. डाग दिसला की राहवत नाही हो! शिरापण जरा उजळल्यात."

"तरीच! एवढा तजेलदार पडदा मी पुस्तकातही पाहिला नव्हता."

बाईंनी पहिल्या डॉक्टरांना फोन करून मूळ फोटो मागवला. तीळ होता तेवढाच होता, तसूभरही वाढलेला नव्हता. "सहा महिन्यांनी पुन्हा या," त्या म्हणाल्या, "आणि फोटो आमच्याकडेच राहू द्या."

बाहेर आल्यावर मी ह्यांना फैलावर घेतलं. "अहो, डोळा गेला असता की! असलं कसलं खूळ?"

"तो फोटो बघवतच नव्हता गं. पुसल्यावर बरं वाटलं."

"घाबरला होतात, तर मला सांगायचं!"

"तू आधीच घाबरलेलीस. एका घरात दोघांनी घाबरून कसं चालेल?"

"चालतं," मी म्हणाले, आणि थेंबांमुळे उजेड सोसेना म्हणून डोळे मिटून उभ्या असलेल्या त्या खुळ्या माणसाचा हात धरून रस्ता ओलांडला.