दुपारी चारचा रकाना

मित्रांनो, मी रक्तदाब मोजायची एक जुनी पेटी आहे. माझ्या पोटात पट्टा आहे, रबरी फुगा आहे आणि काचेच्या नळीत पारा आहे. माणसं मला 'बीपीचं मशीन' म्हणतात. जुन्नर तालुक्यातल्या एका दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात मी राहते. दवाखान्याचं नाव सांगत नाही. सांगून काय उजेड पडणार आहे?

कारखान्यात नळीत पारा भरल्यावर मला तीनदा तपासलं, मगच बाहेर काढलं. ट्रकमधून हाडं खिळखिळी करत आळेफाट्याला उतरले, तिथून जीपने इथे आले. मला पहिल्यांदा उघडलं ते इंद्रायणी सिस्टरने. बाई शिस्तीची कडक. आधी रोग्याच्या दंडावर हात ठेवायची, "दंड सैल सोडा, मावशी" म्हणायची, मग पट्टा गुंडाळायची. आकडा जास्त आला की जरा थांबून पुन्हा मोजायची. "ही पेटी खोटं बोलत नाय," असं ती नव्या पोरींना सांगायची आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

तेव्हा तीस खाटांना एका पाळीत चार सिस्टर असायच्या. मग एक पुण्याला गेली, एकीने लग्नानंतर काम सोडलं. इंद्रायणी सिस्टर निवृत्त झाली. तिला शाल-नारळ मिळाला, तिच्या जागेवर मात्र कुणी आलं नाही. मध्यंतरी आकडे आपोआप दाखवणारं चकचकीत यंत्र आणलं. त्याचा फोटो पेपरात आला. महिन्याभरात त्याचा पट्टा फाटला, तो फाटलाच. शेवटी दुपारच्या पाळीला आम्ही दोघीच उरलो, हर्षाली आणि मी.

हर्षाली आंबेगाव तालुक्यातली, चोवीस वर्षांची. पोरगी कामाला वाघ. पण सलाईन लावायची, इंजेक्शनं द्यायची, बाळाला पाजायला शिकवायचं, डॉक्टरांनी हाक मारली की धावायचं, आणि वर तीस जणींचं बीपी मोजायचं, हे दोन हातांनी कसं व्हावं? मग तिने एक वाईट सवय लावून घेतली. जिचा सकाळचा आकडा चांगला, तिच्या तक्त्यातल्या दुपारी चारच्या रकान्यात तोच उतरवायची. मी टेबलावर बंद. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू! पण तिचा जेवणाचा डबाही तसाच बंद असायचा, मग रागवावं तरी कुणावर?

वृषाली अकरा नंबरच्या खाटेवर होती. कळंबला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला ओतूरजवळ माहेरी आलेली. मुलगी होऊन दुसरा दिवस होता. वारं लागू नये म्हणून तिच्या आईने, साळुबाईने, रिवाजाप्रमाणे तिचं डोकं आणि कान फडक्याने करकचून बांधले होते.

तीनच्या सुमाराला वृषाली म्हणाली, "सिस्टर, डोकं लई दुखतंय. डोळ्यांपुढं अंधारी येतीय."

हर्षालीने तिच्याकडे पाहिलं. वॉर्डातल्या सगळ्याच बाळंतिणींची डोकी बांधलेली. त्यात पलीकडे एकीला रक्तस्राव सुरू झालेला. "मावशी, फडकं घट्ट झालंय. गाठ सैल करा," एवढं सांगून ती तिकडे पळाली. साळुबाईने गाठ सैल केली. चार वाजता हर्षालीने अकरा नंबरचा तक्ता ओढला आणि सकाळचाच आकडा लिहिला. एकशे वीस, ऐंशी.

मी तिथून चार हातांवर होते. पण मला पाय नाहीत, मित्रांनो.

पाच वाजता वृषालीला झटके आले. तेव्हा मला उघडलं. माझा पारा एकशे नव्वदच्या वर जाऊन थांबला. ॲम्ब्युलन्स पुण्याच्या रस्त्याला लागली आणि सासरचं कळंब यायच्या आत वृषाली गेली.

आठ दिवसांनी साळुबाईला बोलावून घेतलं. दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टचे कारभारी सुदर्शनराव माझ्याच टेबलापाशी बसले आणि त्यांनी तक्ता पुढे केला. "बघा मावशी, सगळे आकडे नॉर्मल. आमची काही कसूर नाही."

साळुबाईला वाचता येत नव्हतं. तिने मान हलवली. "तुमचं काय चुकलं न्हाई, भाऊ. मीच गाठ सैल केली. वारं शिरलं पोरीच्या डोक्यात. मीच मारली तिला."

हर्षाली दाराशी उभी होती. गप्प राहिली असती तर तिची नोकरी टिकली असती. ती पुढे आली. "मावशी, गाठीनं काय झालं न्हाई. बीपी चढल्यानं झटके आले. चारचं बीपी मी मोजलंच नव्हतं. सकाळचा आकडा उतरवला."

"हर्षाली, गप्प बस!" सुदर्शनराव ओरडले.

साळुबाईने हात उचलला. मला वाटलं, आता मारते. पण हात तसाच राहिला. "का न्हाई मोजलंस गं?"

"एकटी व्हते, मावशी. तीस बायकांना."

साळुबाई सुदर्शनरावांकडे वळली. "आजून तिघी असत्या, तर माझी वृषाली वाचली असती का, भाऊ?"

सुदर्शनरावांनी तक्ता फाइलीत घातला.

हर्षालीला त्याच दिवशी काढलं. चूक तिची होतीच, तिने ती नाकारलीही नाही. आता दुपारच्या पाळीला कुणीच नसतं. सकाळची सिस्टर जाण्याआधी चारचे रकानेसुद्धा भरून ठेवते.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाही तरी चालेल. तुमचं माणूस दवाखान्यात असेल तेव्हा तक्ता बघून निर्धास्त होऊ नका. इथे सिस्टर किती आहेत, ते विचारा. मोठ्याने विचारा.

आत्ता दुपारचे बारा वाजले आहेत. अकरा नंबरवर नवी बाळंतीण आली आहे. तिचा चारचा आकडा लिहून झाला आहे. कुणीतरी लवकर या.